साफल्य कौल कारखाना, बाळकुम: हयात

वकिलाच्या ऑफिसात कागद साठतात ते दिसतात. त्यांना नंबर असतो, तारीख असते, लाल फीत असते. किस्से कधी साठले ते कळतच नाही. ते डोक्यात कुठेतरी पडून असतात आणि एखाद्या दिवशी भाजी निवडताना एकदम वर येतात. मग हातातली जुडी हातातच राहते!

एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत मी ठाण्याला, नौपाड्यात, भाऊसाहेब ताम्हाण्यांच्या ऑफिसात टायपिस्ट होते. राहायला डोंबिवलीत. ऑफिसात आम्ही तिघंच. वकील भाऊसाहेब, हेडक्लार्क जोगळेकर आणि मी. तिथल्या शंभर केसेस मी विसरले, पण साफल्य कंपनीची केस विसरता येत नाही. तिच्यात जी माणसं भेटली, तशी मला नंतर फारशी भेटली नाहीत.

* * *

एके सकाळी बाळकुमचा हिरू भोईर नोटीस घेऊन आला. साठीचा माणूस, काळा, काटक, डोक्याला लाल रुमाल. साफल्य कौल कारखान्यात तो भट्टीचा मुकादम होता. कारखान्याच्या जागेवर जुन्या कामगारांची चौदा घरं होती. ती खाली करा, अशी कल्याणच्या दामूशेठ भातगिरणीवाल्यांची नोटीस. जमीन मूळची शेठच्या काकांची. शेठचं म्हणणं, काकांनी ती कंपनीला नुसती वापरायला दिली होती. आता कंपनीच राहिली नाही, तेव्हा जमीन परत आमची.

भाऊसाहेबांनी चौकशी केली. खरंच कंपनी राहिली नव्हती! लढाईच्या दिवसांत कोळसा मिळेना, दोन डायरेक्टर वारले, मॅनेजर गावी निघून गेला. कंपनी रजिस्ट्रारची पत्रं ज्या पत्त्यावर जायची तिथे लाँड्री निघाली होती. उत्तर कोण देणार? सरकारने कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढून टाकलं.

पुढच्या खेपेला भाऊसाहेबांनी हिरूला समोर बसवून सांगितलं, "हिरू, तुमची कंपनी मेली रे. सात वर्षं झाली."

हिरू म्हणाला, "मेली? मंग सात वर्सां मी रोज सकालचे कोनाचा टाला उघरतंय?"

खरोखर हा माणूस रोज सकाळी कारखान्याच्या ऑफिसचं कुलूप उघडत होता, झाडत होता आणि संध्याकाळी पुन्हा लावत होता. पगार नाही, मालक नाही, कोणी सांगितलेलं नाही!

* * *

कायद्यात एक वाट होती. कंपनीचं नाव रजिस्टरवर परत घ्या, असा अर्ज हायकोर्टात करता येतो. पण तो करायला कंपनीचा सभासद लागतो, म्हणजे शेअर असलेला माणूस. हिरूकडे शेअर नव्हता. सभासदांचं बुक कारखान्यात सापडलं खरं, पण उघडलं तर आत नुसती माती. वाळवीने पान शिल्लक ठेवलं नव्हतं.

भाऊसाहेब कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात जोगळेकर आपल्या टेबलावरून म्हणाले, "साहेब, कंपनीच्या पहिल्या सभेला मी होतो. उमेदवारीचे दिवस होते, नावं लिहून घ्यायला मला पाठवलं होतं."

"त्याला वीस वर्षं झाली असतील, जोगळेकर!"

"बावीस," असं म्हणून जोगळेकरांनी डोळे मिटले. "पहिली रांग, उजवीकडून..." आणि एकेक नाव सांगू लागले. कोण कुठे बसलं होतं, कोणाला खोकला झाला होता, कोण उशिरा आला आणि खिडकीत टेकला. मी भराभर लिहून घेत होते. एकोणीस नावं!

पुढे महिन्याभराने रजिस्ट्रारच्या कचेरीतून जुन्या यादीची नक्कल आली. भाऊसाहेबांनी एकेक नाव ताडून बघितलं. अठरा तंतोतंत.

"एक चुकलात, जोगळेकर. गणेश वैद्य नाही, गजानन वैद्य."

जोगळेकरांनी मानसुद्धा वर केली नाही. "ते दोघे भाऊ. शेअर गजाननचा होता साहेब, पण त्या दिवशी खुर्चीवर बसला होता गणेश!"

* * *

त्या एकोणिसांपैकी अकरा जण हयात होते, किंवा त्यांचे वारस होते. पण अर्जावर सही करायला कोणी तयार होईना. दामूशेठ म्हणजे मोठं प्रस्थ. कल्याणात त्यांचा शब्द चालायचा. एक जण म्हणाले, "माझ्या मुलीचं लग्न ठरतंय." दुसरे म्हणाले, "मला ब्लडप्रेशर आहे."

यादीत शेवटचं नाव डोंबिवलीचं होतं. एक शाळामास्तर, वारलेले. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहत होत्या. म्हणून भाऊसाहेबांनी मलाच पाठवलं.

एका खोलीचं घर. मी शेअर सर्टिफिकेटाबद्दल विचारलं, तर बाईंना तो शब्दच कळेना. मी सांगत होते, जाड कागद असेल, वर कंपनीचं नाव असेल, शिक्का असेल. आणि सांगता सांगता माझी नजर भिंतीवर गेली. देवांच्या तसबिरींच्या ओळीत तेच सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं! वरच्या कोपऱ्यात कमळातली लक्ष्मी छापलेली होती आणि तिला रोजचं हळदकुंकू लागून लागून अर्धा कागद लाल झाला होता.

"ह्यांनीच लावलं ते," द्वारकाबाई म्हणाल्या. "मुलांना दाखवायचे. म्हणायचे, बघा, आपला कारखाना!"

मी त्यांना सगळं खरं सांगितलं. चौदा घरांचं, शेठचं, आणि कोणी सही करत नाही हेही. म्हटलं, "आजी, त्रास होईल. विचार करून सांगा."

त्या उठल्या, तसबीर खाली उतरवली, पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली.

"हे पंधरा वर्षं 'आपला कारखाना' म्हणत होते. आपला म्हणायचं आणि भांडायला दुसऱ्याला पाठवायचं, असं कसं चालेल? कुठे करू सही?"

* * *

अर्ज जाणार ही बातमी कल्याणला पोचली आणि खुद्द दामूशेठ आमच्या ऑफिसात आले. पांढरं स्वच्छ धोतर, काळा कोट, सोन्याची साखळी. आवाज अगदी मऊ. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आणि जिना उभा. शेठना धाप लागली होती. जोगळेकरांनी पाणी दिलं.

पाणी पिऊन शेठ हसून म्हणाले, "ताम्हाणेसाहेब, तुम्ही एवढे हुशार वकील. मेलेल्याची केस कसली लढवता?"

भाऊसाहेबही हसले. "शेठ, मेलेल्याला भेटायला कोणी एवढा जिना चढून येतं का?"

शेठ उठले, नमस्कार केला आणि निघून गेले. रागावले की काय, काहीच कळलं नाही.

* * *

आता माझा स्वतःचा किस्सा. यात माझी फजिती आहे, पण सांगते.

अर्जाबरोबर चौदा घरांची, जोगळेकरांची आणि द्वारकाबाईंची अशी अफिडेव्हिट जोडायची होती. सगळी इंग्रजीत. तीन-तीन कार्बन घालून मी चार दिवस टाइप करत होते. बोटांची टोकं दुखायला लागली. चाळीस पानांचा गठ्ठा भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवला तेव्हा मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"सुमतीबाई, पुन्हा टाइप करा. सगळं."

मला रडूच कोसळायचं बाकी होतं. "काय चुकलं भाऊसाहेब?"

"तुम्ही सगळीकडे 'वॉज' लिहिलंत. साफल्य कंपनी बाळकुमची एक कंपनी होती. होती! अहो बाई, आपणच तिला 'होती' म्हटलं, तर जज्जसाहेब 'आहे' का म्हणतील?"

मी चाळीस पानं पुन्हा टाइप केली. आणि खरं सांगते, सातव्या-आठव्या पानापासून माझी मलाच ती कंपनी खरी वाटायला लागली. आहे, आहे, आहे!

* * *

पण नुसतं म्हणून भागणार नव्हतं. नाव काढलं त्या साली कंपनीचं काम चालू होतं, असा पुरावा पाहिजे होता. कारखाना तर बंद. पुरावा आणायचा कुठून?

हिरू सहज म्हणाला, "भट्टी त लावतंच व्हतो. वर्साला एक."

"काय?" भाऊसाहेब खुर्चीतून अर्धे उठले.

कारखाना बंद पडल्यावरही हिरू आणि ती चौदा घरं मिळून उन्हाळ्यात एक छोटी भट्टी लावत होती. चिकणमाती खाडीकाठची. लाकूडफाटा आणेल त्याला कौलं. कौलाच्या पोटाशी कंपनीचं नाव उठायचं आणि त्याखाली साल. ते साल बदलायला साच्यात एक पितळी पट्टी होती. लिहितावाचता न येणारा हा माणूस दरवर्षी ठाण्याच्या तांबटाकडून नवा आकडा पाडून आणत होता. का? तर "साल बदललां, त आकरा नको बदलायला?"

मग काय, आम्ही कौलं शोधायला निघालो! मी, जोगळेकर आणि हिरू. बाळकुम झालं, खाडीपलीकडे कळवा झालं. जोगळेकर धोतराचा काचा मारून शिड्या चढत होते आणि वरून आकडे ओरडत होते. मागची सालं सापडत होती, पुढची सापडत होती. पाहिजे ते साल काही मिळेना.

तिसऱ्या दिवशी कळव्याला एका शेतकरी म्हातारीच्या घरावर ते मिळालं. अख्खं छप्पर त्याच सालचं! पण पाऊस दहा दिवसांवर आला होता. अशा वेळी कोणाच्या घरावरचं कौल मागायचं कसं? जोगळेकर शिडीवरच थांबले. शेवटी हिरूनेच कोर्टाची सगळी हकीकत सांगितली आणि एक कौल मागितलं.

म्हातारीने ऐकून घेतलं आणि वर बघून ओरडली, "ओ बामनबाबा! एक कनाला, दोन घ्या! कोरटान एक फुटला तं?"

* * *

हायकोर्टात आमच्या बाजूने मुंबईचे एक बॅरिस्टर उभे होते, पण सगळी तयारी भाऊसाहेबांची. कौल जज्जसाहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं. काळ्या कोटांच्या त्या गर्दीत ते लाल कौल इतकं वेगळं दिसत होतं की सगळे वळून वळून बघत होते.

शेठचे बॅरिस्टर म्हणाले, हा कंपनीचा धंदा नव्हे, गावातल्या लोकांनी आपापल्या घरांसाठी केलेलं काम आहे. जज्जसाहेबांनी हिरूला साक्षीला बोलावलं. मध्ये दुभाषी.

"तुला पगार कोण देत होतं?"

"कोनी नाय."

"भट्टी लावायचा हुकूम कोणी दिला?"

"कोनी नाय."

बॅरिस्टर जज्जसाहेबांकडे बघून हसले. "म्हणजे तुला मालकच नव्हता. मग कोणासाठी करत होतास हे सगळं?"

हिरूने डोक्याचा लाल रुमाल काढून हातात घेतला.

"साहेब, मालिक असता तं मी घरी गेलो असतो. त्याचा त्यानी बघितला असता. मालिक नव्हता, म्हून मना जाता नाय आला."

दुभाषी इंग्रजी करायला लागला आणि अडखळला. जज्जसाहेबांनी हात वर केला. "राहू द्या," ते चक्क मराठीत म्हणाले, "मला समजलं."

मग त्यांनी कौल उचललं, उलटं केलं आणि त्या आकड्यावरून बोट फिरवलं.  

हुकूम झाला. नाव रजिस्टरवर परत घ्यावं. आणि पुढे एक वाक्य होतं, ते मी नंतर दहा वेळा वाचलं. कंपनीचं नाव जणू कधी काढलंच नव्हतं, असं धरून चालावं. सात वर्षं एका ओळीत पुसली गेली!

परतताना गाडीत भाऊसाहेबांनी हिरूला त्या वाक्याचा अर्थ सांगितला. हिरूला त्याचं विशेष काही वाटलं नाही.

"त्याच त मी पयल्या दिवशी सांगलेला," तो म्हणाला.

* * *

कंपनी जिवंत झाली, पण जमिनीचा दावा उरला होता. तो ठाण्याच्या कोर्टात. खरेदीखताचा कागद कंपनीच्या नावे होता, पण शेठचं म्हणणं, तो नुसता नावापुरता केला, तोंडी बोली वापरायला देण्याची होती. खत झालं तेव्हा जवळ असलेली जिवंत माणसं दोनच. एक आमचे जोगळेकर, आणि त्यांना खताच्या बोलण्यात कोणी घेतलं नव्हतं. दुसऱ्या शेठच्या काकू. नवरा गेल्यापासून त्या शेठच्याच घरी राहत होत्या. मूलबाळ नाही, दुसरा आसरा नाही. शेठनी त्यांनाच साक्षीला आणलं.

भाऊसाहेब हळूच मला म्हणाले, "संपलं, बाई. त्यांच्या ताटात जेवणारी बाई दुसरं काय सांगणार?"

शेठच्या वकिलांनी विचारलं, "तुमच्या यजमानांनी जमीन कंपनीला वापरायला दिली होती, बरोबर?"

काकू पिंजऱ्याचा कठडा धरून उभ्या होत्या. अंगावर पांढरं लुगडं.

"नाही," त्या म्हणाल्या. "विकली."

वकील गडबडले. "नीट आठवून सांगा. फार दिवस झाले त्याला."

"आठवतंय की. खत झालं त्या दिवशी ह्यांनी गल्लीभर पेढे वाटले. म्हणाले, आपल्या जमिनीवर कारखाना येणार. वापरायला दिलेल्या जमिनीचे कोणी पेढे वाटतं का?"

शेठ खाली मान घालून बसले होते. दावा तिथेच संपल्यासारखा झाला. निकाल पुढे लागला तो आमच्याच बाजूने.

साक्ष झाली आणि काकू बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. एकट्या. कुठे जायचं हे त्यांनाही ठाऊक नसावं. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्याकडे निघाले होते. मनात विचार चालला होता, हिला डोंबिवलीला आपल्याकडे न्यावी का.

तेवढ्यात दामूशेठ बाहेर आले. मी जागच्या जागी थांबले. ते बाकासमोर उभे राहिले, वाकले आणि काकूंची काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

"चला काकू. टांगा उभा आहे. ऊन होईल."

* * *

त्यानंतर कंपनीची पहिली सभा झाली, बाळकुमला, कारखान्याच्या शेडमध्ये. मिनिट्स लिहायला मी. अध्यक्ष द्वारकाबाई. त्या नको नको म्हणत होत्या, पण सगळ्यांनी त्यांनाच बसवलं. आता सही न करणारेही आले होते. मुलीच्या लग्नाचे आले होते, ब्लडप्रेशरचेही आले होते! भिंतीशी हिरू आणि चौदा घरांतली माणसं उभी होती. बायकांच्या कडेवर मुलं.

सभा सुरू होणार इतक्यात दारात दामूशेठ!

भाऊसाहेब पुढे झाले. "शेठ, ही फक्त सभासदांची सभा आहे."

शेठनी कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढून दिला. शेअर सर्टिफिकेट. काकांच्या नावचं, खाली वारस म्हणून शेठचं नाव. भाऊसाहेबांनी जोगळेकरांकडे बघितलं. जोगळेकरांनी डोळे मिटले, उघडले आणि मान हलवली. खरं होतं. जमीन विकताना काकांनी एक शेअर घेतला होता. पण तो पहिल्या सभेनंतर, म्हणून आमच्या जुन्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

शेठ शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मला वाटलं, आता हा माणूस सभेत मोडता घालणार, पुन्हा कोर्ट, पुन्हा पाच वर्षं!

पहिलाच ठराव तो होता. चौदा घरांच्या राहत्या जागा त्या त्या कुटुंबाच्या नावे करून द्याव्यात. जोगळेकरांनी वाचून दाखवला. मांडणार, द्वारकाबाई.

"कोणाचा विरोध?" त्यांनी विचारलं.

शेठ उभे राहिले.

हिरूने शेजारच्या मुलाचा खांदा घट्ट धरला. माझी लेखणी थांबली. शेठनी एकदा भिंतीकडे बघितलं, त्या उभ्या माणसांकडे, आणि मग माझ्याकडे वळले.

"बाई, ठरावाला अनुमोदन राहिलंय," ते म्हणाले. "माझं नाव लिहा."